त्रेपन्न सालचं सोंग

मी इंजिन बोलतोय. आठ सिलिंडरचा, नव्या बनावटीचा, वयाने अवघा तीन वर्षांचा. हे वय आज मी खुशाल सांगतोय. गेल्या सप्टेंबरात विचारलं असतं, तर मला सत्तर सांगावं लागलं असतं, आणि तेही थोडं खोकून!

माझा जन्म कारखान्यात झाला. जन्मल्या जन्मल्या मला एकदा चालवून पाहिलं, 'उत्तम' असा कागद चिकटवला आणि लाकडी खोक्यात बंद केलं. आमच्या जातीच्या इंजिनांना कुठली गाडी मिळणार, हे आधी ठरलेलं नसतं. ज्याला गरज तो खोकं मागवतो. मी अंधारात पडून स्वप्नं रंगवत होतो. लांबलचक चकचकीत गाडी असेल, मालक तरणाताठा असेल!

खोकं उघडलं ते बेकर्सफील्डच्या एका गॅरेजमध्ये. वरून दोन सुरकुतलेले चेहरे माझ्याकडे वाकून बघत होते.

"अगंबाई! हे इंजिन आहे की धुलाई यंत्र?" बाई म्हणाली. "केवढं ते प्लास्टिक!"

"प्लास्टिक वरचं आहे, व्हर्ना. काढलं की खाली चांगला मजबूत धातू आहे."

"काढ मग. माझ्याच्याने बघवत नाही."

माझं असं स्वागत झालं. हा म्हातारा लाइल हेंडरशॉट, वय शहात्तर. व्हर्ना त्याची बायको. चाळीस वर्षं तिने गाड्यांच्या गाद्या शिवल्या होत्या. आणि त्यांच्यामागे माझी गाडी उभी होती. बत्तीस सालची फोर्ड, लालभडक, छप्पर उतरवलेली, बॉनेट नावालाही नाही. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. तिच्यात इंजिन उघड्यावर बसतं, त्यामुळे लोक मालकाच्या आधी इंजिनाचं तोंड बघतात. मी मनातून उडीच मारली. आयुष्यभर मिरवायचं होतं की हो!

गॅरेजच्या कोपऱ्यात एक जुनं इंजिन सतरंजीखाली पडलेलं होतं. त्रेपन्न सालचं. लाइलने ते विशीत असताना स्वतःच्या हाताने या गाडीत बसवलं होतं. पन्नासहून जास्त वर्षं ते धावलं. मी मनातल्या मनात त्यांना थोरले म्हणायचो. मागच्या जुलैत तेहाचापीच्या घाटात भर दुपारी थोरल्यांना आडवी चीर गेली. लाइलच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. छातीवर हात धरून तो दोन तास उन्हात बसला होता. तो घरी आला तेव्हा व्हर्नाने त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "एक तर तुला घरी आणून सोडेल असं इंजिन बसव, नाहीतर गाडी वीक. तिसरं काही माझ्यापुढे बोलू नकोस."

म्हणून मी आलो. पण मला तसाच बसवायची सोय नव्हती. दर सप्टेंबरात गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर हॉट रॉडवाल्यांचा मेळावा भरतो. तो सुरू केला लाइलनेच. फाटकावर एक पाटी आहे, तीही लाइलच्याच हाताने रंगवलेली : 'पासष्टनंतर जन्मलेलं इंजिन आत येणार नाही.' या पाटीपायी बारा वर्षांपूर्वी त्याने आपल्या शाळेपासूनच्या मित्राला, ऑरिन प्रुइटला, फाटकावरून परत पाठवलं होतं. ऑरिनने लांबचा प्रवास झेपावा म्हणून नवं इंजिन घातलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. पुढच्या वर्षी तो जुनं इंजिन परत बसवून आला खरा, पण लाइलशी एक शब्द बोलला नाही. तेव्हाही नाही, पुढेही नाही.

आता तोच लाइल मला त्याच फाटकातून आत न्यायला निघाला होता.

"उघडकीला आलं तर?" व्हर्ना म्हणाली.

"तर मी त्या मैदानावर पुन्हा तोंड दाखवणार नाही. म्हणून उघडकीला येता कामा नये," लाइल म्हणाला आणि त्याने बाह्या सरसावल्या.

काय दिवस होते ते! रोज सकाळी नाश्ता उरकून दोघं माझ्या अंगाला भिडायचे. आधी प्लास्टिक उतरवलं. मग थोरल्यांच्या डोक्यावरची ॲल्युमिनियमची पन्हळी झाकणं घासूनपुसून माझ्या डोक्यावर चढवली. नीट बसेनात, तेव्हा लाइलने मधे जाड पट्ट्या कापून घातल्या. वर तीन कार्बुरेटर आले. दिसायला कार्बुरेटर हो! पेट्रोल फवारायचं माझं काम आतून माझंच. डायनॅमोच्या जुन्या डब्यात वीज बनवणारा माझा नवा अल्टरनेटर लपला. माझा मेंदू, म्हणजे तो छोटा कॉम्प्युटर, सीटखाली गेला. आणि प्लगच्या वायरींना व्हर्नाने सुती कापडाचे अभ्रे शिवले. पिवळ्यावर काळी रेघ, अगदी त्या काळातल्यासारखे. मग ती वाफाळत्या चहाचा पेला घेऊन आली.

"आता हे काय?" लाइल ओरडला.

"चहात बुडवते. नव्या कापडाची लकाकी लांबून ओळखू येते. चाळीस वर्षं धंदा केलाय, मला शिकवू नकोस."

शेवटी जुन्या हिरव्या रंगाचा हात मारला. रंग जिथे तापून उडतो, तिथे लाइलने तो मुद्दाम खरवडला. मग व्हर्नाने माझ्यापुढे आरसा धरला. खरं तर तिला माझी मागची बाजू तपासायची होती, पण मी संधी साधली आणि स्वतःला पाहून घेतलं. मीच मला ओळखलं नाही. खोटं कशाला सांगू, क्षणभर वाईट वाटलं. माझा स्वतःचा चेहरा कुणी बघणारच नाही का? पण थोरल्यांची झाकणं अंगावर होती, त्यांच्या जागेवर मी उभा होतो. मग छाती फुगली.

रूप झालं, आता चाल शिकायची होती. जुनं इंजिन लगेच सुरू होत नाही. त्याचं पेडल दोनदा दाबायचं, चोक ओढायचा, मनात तीन आकडे मोजायचे, मग स्टार्टर दाबायचा. माझा चोक नुसता शोभेचा, कशालाच जोडलेला नाही! पण फाटकावर तपासणाऱ्यासमोर इंजिन बंद करून पुन्हा चालू करून दाखवावं लागतं. म्हणून लाइल रोज तालीम करायचा.

"शिवी राहिली," व्हर्ना दारातून सांगायची. "जुन्याला सुरू करताना तू नेहमी शिवी द्यायचास."

मेळाव्याच्या आठवडाभर आधी फोन आला. लाइलने तो ठेवला आणि बाकावर बसकण मारली.

"यंदा फाटकावर कोण आहे, ठाऊक आहे? ऑरिन."

व्हर्नाने त्याच्यापुढे चहा ठेवला. मग म्हणाली, "शिवी विसरू नकोस."

शनिवार उजाडला आणि आम्ही निघालो. अहो, काय सांगू! पहिल्यांदाच मोकळा रस्ता! बदामाच्या बागा सरासर मागे पडत होत्या, जमिनीतून तेल उपसणारे पंप माना हलवत होते, वारा थेट माझ्या तोंडावर. सिग्नलला एका ट्रकवाल्याने अंगठा उंचावला. "कुठल्या सालचं इंजिन, आजोबा?" लाइल ओरडला, "त्रेपन्न!" आणि आम्ही सुसाट सुटलो. माझे आठही सिलिंडर आनंदाने गात होते.

फाटकावर ऑरिन उभा होता. उंच, वाकलेला, गवती टोपी घातलेला. त्याने आम्हाला हाताने थांबवलं. गाडीभोवती एक फेरी मारली. माझ्यावर ओणवा झाला. त्याचा श्वास मला लागत होता. वायरींवरून त्याने बोट फिरवलं. झाकणं तर त्याने ओळखलीच. ती बसवताना तोही होता म्हणे.

"बंद कर," तो म्हणाला. बारा वर्षांतला हा पहिला शब्द. लाइलने बंद केलं.

"चालू कर."

लाइल सगळी तालीम विसरला. पेडल नाही, चोक नाही, मोजणं नाही. त्याने थेट स्टार्टरलाच बोट लावलं. आणि मी? थांबायला हवं होतं, जरा खोकायला हवं होतं. पण माझ्या अंगात वारं भरलेलं. बोट लागायचा अवकाश, मी झटक्यात सुरू! मांजरासारखा गुरगुरत, एकसारखा, गुळगुळीत.

व्हर्नाने डोळे मिटले. लाइलला आठवण झाली, त्याने घाईघाईने एक शिवी दिली. पण इंजिन सुरू झाल्यावर शिवी देऊन काय उपयोग?

ऑरिनने माझ्याकडे पाहिलं. मग लाइलकडे पाहिलं. शेजारच्या गठ्ठ्यातून त्याने एक पुठ्ठा काढला आणि लाइलच्या मांडीवर टाकला. "तिसरी रांग. पुठ्ठा खाली घाल," एवढंच म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला.

आम्ही आत! लाइलने टोपी उडवली. मी तर अजून एक चक्कर मारायला तयार होतो. दिवसभर लोक आले, माझ्यावर वाकले, वायरींचं कौतुक करून गेले. एका म्हातारबांना माझा वास घेऊन जुने दिवस आठवले. व्हर्नाने डब्यातला पीच पाय, म्हणजे पीच भरून भाजलेला गोड पदार्थ, काढला. सगळं फत्ते झालं असं वाटत होतं.

दुपारी तीन वाजता भोंगा वाजला आणि लाइलचा घास हातातच राहिला.

"व्हर्ना, पुठ्ठा!"

या मेळाव्याची एक रीत आहे. जुन्या इंजिनांतून तेल गळतं. धावपट्टी खराब होऊ नये म्हणून प्रत्येक गाडीखाली पुठ्ठा घालतात. आणि तीन वाजता ते सगळे पुठ्ठे गोळा करून, त्यांवर मालकांची नावं लिहून, विमानांच्या जुन्या शेडच्या भिंतीवर टांगतात. ज्याचा डाग सगळ्यात मोठा, त्याला गळकी किटली बक्षीस. थोरल्यांनी ती किटली सहा वेळा जिंकली होती. रूप आठवलं, आवाज आठवला, शिवीसुद्धा आठवली. तेल गळायला हवं, हे आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. आणि मी दिवसभर थेंबही सांडला नाही म्हणून स्वतःवर खूष होतो!

लाइल वाकला. पुठ्ठा कोरा करकरीत.

"कॉफी ओतू का?" व्हर्ना कुजबुजली.

"कॉफीला तेलाचा वास येतो का?"

तेवढ्यात एक सावली पडली. ऑरिन होता. त्याच्या हातात तेलाचा लहान डबा होता. गुडघे कडकडा वाजवत तो खाली बसला.

"माझ्याच गाडीचं आहे. काळं, जळकं. कुणाला संशय येणार नाही," तो म्हणाला. "सरक जरा."

"तुला कळलं होतं?" लाइलने विचारलं.

"लेका, तुझं इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. बावन्न वर्षांत कधी झालं होतं का?" ऑरिनने झाकण फिरवलं. "घाटातून तुझी गाडी ओढून आणणारा ट्रक माझ्या पुतण्याचा. तू कसा बसला होतास ते त्याने सांगितलंय मला."

डबा तिरका झाला. थेंब पडणार, इतक्यात लाइलने त्याचं मनगट धरलं.

"नको, ऑरिन. तुला मी परत पाठवलं होतं."

"हो. ऊन एकशे आठ डिग्री फॅरनहाइट होतं. मी पाटीकडे बघत बसलो होतो."

"चुकलं माझं. बारा वर्षं मला ते ठाऊक आहे आणि बारा वर्षं मी बोललो नाही."

लाइलने खिशातून पेन काढलं आणि कोऱ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. मग तो पुठ्ठा घेऊन तो सगळ्यांच्या देखत शेडकडे चालत गेला. मला तिसऱ्या रांगेतून भिंत दिसत होती. काळ्या डागांच्या मधोमध तो पांढरा पुठ्ठा टांगला गेला आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"लाइल, गाडीखाली घालायला विसरलास काय?" कुणीतरी विचारलं.

"नाही. इंजिन नवं आहे. मी फसवलं तुम्हाला." त्याने छातीवरचा मेळाव्याचा बिल्ला काढला आणि ऑरिनपुढे धरला. "फाटक तुझ्याकडे आहे. पाठव मला बाहेर."

ऑरिनने बिल्ल्याकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं.

"बाहेर एकशे सहा डिग्री आहे," तो म्हणाला. "आणि मी काही लाइल हेंडरशॉट नाही. लाव तो परत."

मग जो हशा उठला, तो मला माझ्या आवाजापेक्षा मोठा वाटला. लाइल हसता हसता डोळे पुसत होता. त्या वर्षी गळकी किटली ऑरिनला मिळाली आणि त्याने तीत व्हर्नाकडून कॉफी भरून घेतली. ती अर्थातच त्याच्या विजारीवर गळली.

आता मी गॅरेजात मजेत आहे. फाटकावरची पाटी लाइलने पुन्हा रंगवली : 'इंजिन कधीही जन्मलेलं असो, खोटं बोलू नका.' माझं रूप मात्र कुणी उतरवलं नाही. उलट लोक मुद्दाम येतात, माझ्यात डोकं घालून खरं काय आणि सोंग काय ते शोधतात आणि व्हर्नाचे अभ्रे हमखास खरे समजतात. रविवारी ऑरिन येतो, थोरल्यांवरची सतरंजी सारून त्यांच्यावरच बसतो आणि लाइलशी भांडतो.

तुम्ही आलात तर माझं वय बेधडक विचारा. फक्त झाकणं काढू नका, ती थोरल्यांची आहेत. आणि सकाळी लाइल गाडीत बसेल तेव्हा शेजारी उभे राहा. कुणाला फसवायचं नसलं तरी तो अजून पेडल दोनदा दाबतो, कशालाच न जोडलेला चोक ओढतो, मनात तीन मोजतो आणि स्टार्टर दाबतो. मला एका झटक्यात सुरू होता येतं. पण मी क्षणभर थांबतो, त्याला शिवी देऊ देतो, आणि मगच सुरू होतो.