सांगाडे चालतील, शब्द बदला

मी बोलतोय, टायपिंगचा खेळ. दचकू नका, मी आपण होऊन कुणालाही मारत नाही. मारायचं काम तुमचं. समोरून सांगाडे धावत येतात, प्रत्येकाच्या डोक्यावर एक शब्द असतो. तो न चुकता टाइप केलात की सांगाडा फुटतो. चुकलात की तो तुमचा गळा धरतो.

एका दुकानाच्या माडीवर, दोन खोल्यांत तिघांनी मला घडवलं. एकाने सांगाडे काढले, दुसऱ्याने त्यांना पळायला शिकवलं. तिसरा फारच गरीब स्वभावाचा होता, त्याने शब्द निवडले: सूड, कवटी, गळा, रक्तपात. माझ्या डबीवर 'बारा वर्षांवरील' असा शिक्का बसला, तेव्हा तिघांनीही आपापल्या मुलांना माझ्यापासून लांब ठेवलं. जन्मदात्यांनीच असं केल्यावर परक्यांना काय बोल लावायचा?

या घरात मी आलो तो सूनबाईंसाठी. न्यायालयाच्या कचेरीत टायपिस्टची जागा निघाली होती आणि मिनिटाला तीस शब्दांचा वेग हवा होता. लग्नाआधी त्यांचा हात चांगला चालायचा म्हणे. मधे बारा वर्षं संसारात गेली आणि आता दोन बोटांनी अक्षरं शोधत त्या चौदा शब्दांवर अडकल्या होत्या. वयाची अट अशी, की यंदाची संधी हुकली तर पुन्हा अर्जच करता येणार नव्हता. परीक्षेला सहा आठवडे होते.

त्यांच्या लेकीने मला मैत्रिणीकडे पाहिलं होतं. "आई, तुझ्या क्लासपेक्षा हे बरं. घाबरलीस की बोटं आपोआप पळतात," असं म्हणून तिने मला घरी आणलं.

पण मधे सासरे उभे होते. त्यांनी जन्मभर गोदामांची तपासणी केलेली. नोकरी संपली, तपासणी काही संपली नाही. नवा कुकरही त्यांनी पास केल्याशिवाय गॅसवर चढत नसे. "घरात लहान मुलगी आहे. हा खेळ कुटुंबाला योग्य आहे का, ते आधी मी बघतो," असं म्हणून त्यांनी वही काढली, चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

या बघण्याला चार दिवस लागले. खुर्ची कधी रिकामी होते याची वाट बघत सूनबाई कपडे वाळत घालत होत्या. पहिल्या दिवशी सांगाड्यांनी सासऱ्यांना सतरा वेळा खाल्लं. दुसऱ्या दिवशी जेवायला तीन हाका मारल्या तरी ते उठेनात. तिसऱ्या दिवशी "मर मेल्या!" म्हणून ओरडत त्यांनी एक कवटी फोडली, मागे नात उभी दिसली, तेव्हा घसा खाकरून वहीत लिहिलं: 'भाषेवर वाईट परिणाम होण्याची शक्यता.'

चौथ्या दिवशी निकाल लागला. "सांगाडे चालतील, शाळेत विज्ञानाला असतातच. शब्द मात्र फार वाईट आहेत. ते बदला."

शब्दांची यादी बदलायची सोय माझ्यात आहे. सूनबाईंचे यजमान, म्हणजे "बाबांचं बरोबर आहे, आणि तुझंही बरोबर आहे" हे वाक्य तोंडपाठ असलेला भला माणूस, यादी उघडून देऊन बाजूला झाले. सासऱ्यांनी माझे सगळे शब्द पुसले आणि दोनशे नवे घातले. आज्ञाधारक, नम्रता, क्षमस्व, सहनशील, तडजोड, चालेल.

आता माझी दशा ऐका. डोळ्यांतून जाळ काढत सांगाडा अंगावर यायचा आणि त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असायचं 'क्षमस्व'. सूनबाईंनी टाइप केलं की त्याच्या ठिकऱ्या. 'नम्रता' म्हटलं की मुंडकं उडालं. "आता कसा घरंदाज वाटतो!" सासरे म्हणाले. खोटं कशाला सांगू, मीही जरा फुशारलो.

सूनबाईंचा वेग वाढत गेला. वीस, सव्वीस, चौतीस. 'चालेल' तर सांगाडा पुरता दिसायच्या आत टाइप व्हायचं. "हिला हे जन्मजात येतंय!" यजमान कौतुकाने म्हणाले. सूनबाई हसल्या नाहीत.

परीक्षेला दोन आठवडे उरले असताना क्लासात सराव परीक्षा झाली. उतारा मागच्या वर्षीच्या खऱ्या परीक्षेतला होता. सूनबाई घरी आल्या आणि चप्पलही न काढता माझ्यासमोर बसल्या.

"किती आला गं वेग?" सासऱ्यांनी विचारलं.

"एकोणीस."

"असं कसं? इथे तर चौतीस होता!"

"बाबा, त्या उताऱ्यात नम्रता नव्हती. हरकत होती, हक्क होता, नकार होता. दर शब्दाला बोटं थांबत होती. मला हे शब्द येतच नाहीत."

मला फार वाईट वाटलं. फसवणुकीत माझाही हात होता.

त्याच दुपारी त्यांनी यादी उघडली, दोनशेच्या दोनशे शब्द पुसले आणि आपले घातले: दावा, हक्क, हरकत, नामंजूर, फेरविचार, नकार. पहिले तीन दिवस सांगाड्यांनी त्यांचे हाल हाल केले. मग बोटं हळूहळू धीट झाली.

परीक्षा पाच दिवसांवर आली होती. संध्याकाळी सासऱ्यांनी नेहमीसारखी हाक मारली, "सूनबाई, चहा!" समोरून फौज चालून येत होती. मान न वळवता त्या म्हणाल्या, "वीस मिनिटं थांबा बाबा, नाहीतर तुम्हीच टाका आज."

सासऱ्यांनी वही काढली. 'कुटुंबास अयोग्य. ताबडतोब काढून टाकावा.' आतापर्यंत माझ्यात अकरा हजार कवट्या फुटल्या होत्या, त्यांच्याबद्दल त्या वहीत एक ओळ पडली नव्हती. एक कप चहा चुकला आणि मी हिंसक ठरलो.

यजमानांनी माउस हातात घेतला. "बाबांचं बरोबर आहे, आणि..."

"नाही," सूनबाई म्हणाल्या.

आवाजही चढवला नाही. माउसवरचा यजमानांचा हात उचलून बाजूला ठेवला आणि पुढचा सांगाडा टिपला. यजमानांचं वाक्य जन्मात पहिल्यांदा अर्धं राहिलं. सासरे स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ डबे उघडल्याचे आवाज येत राहिले. शेवटी साखर सापडली असावी.

परीक्षेत वेग आला छत्तीस.

आता सूनबाई साडेनऊला घरातून निघतात. दुपारी माझ्यासमोर सासरे बसतात. तपासणी अजून चालू आहे, असं शेजाऱ्यांना सांगतात. 'नामंजूर' शब्द आला की हटकून मरतात.

या आठवड्यात घरात नवा कॉम्प्युटर येतोय, सूनबाईंच्या पगारातून. मी त्यावर चालणार नाही. मी जुना झालो, असं दुकानदाराने फोनवर स्पष्ट सांगितलं. तक्रार नाही. विनंती एवढीच, की माझा एखादा भाऊबंद तुमच्या घरी आला तर त्याचं रक्त, कवट्या खुशाल मोजा, पण ज्यांच्यासाठी तो आणलाय त्यांना खुर्ची लवकर रिकामी करून द्या.

काल सुट्टी होती. सूनबाईंनी शेवटचं म्हणून मला उघडलं. वेग लावला नाही, घड्याळ बघितलं नाही. लेकीला शेजारी घेऊन वेडंवाकडं टाइप करत बसल्या. सांगाड्यांनी दोघींना चारदा खाल्लं आणि दोघी पोट धरून हसल्या. इतक्या दिवसांत मला कुणीतरी पहिल्यांदाच खेळलं.