एका नंबरची दोन मंडळं

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतलं मराठी मंडळ फुटलं ते महाप्रसादातल्या भातावरून. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या घरांना बगारा भात हवा होता, पुण्या-मुंबईहून आयटीत आलेल्यांना मसालेभात. दोन सभा झाल्या, तिसरी झालीच नाही. कार्यालयाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. अलीकडे मूळ मंडळ, अध्यक्ष प्रतापराव बिरादार. पलीकडे मध्यवर्ती मंडळ, अध्यक्ष अभिजीत पटवर्धन. खुर्च्या, पातेली, समया वाटल्या गेल्या. मागच्या हॉलला दोन कुलपं लागली. लिपिक सुलभाताई सकाळी अलीकडे बसू लागल्या, दुपारी पलीकडे. अध्यक्षांनी एकमेकांशी समोरासमोर बोलू नये, असा ठराव दोन्हीकडे एकमतानं झाला.

वाटता आला नाही तो फोन.

चांगल्या दिवसांत मंडळानं आयएसडीएन लाईन घेतली होती. भिंतीवर एक पांढरा डबा, टर्मिनल अडॅप्टर. त्याला जोडलेले दोन फोन. बाहेरून कॉल आला की दोन्ही वाजतात, आधी उचलेल त्याचा. एका वेळी दोन कॉल चालतात, तिसऱ्याला एंगेज्ड. वीज गेली की दोन्ही मुके. अशी लाईन आता कोणी ठेवत नाही. टेलिफोन खातं बदलून द्यायला केव्हाचं तयार आहे, पण अर्जावर अध्यक्षांची सही लागते आणि कोणत्या अध्यक्षांची, हे ठरत नाही. म्हणून प्लायवूडला चौकोनी भोक पाडून डबा त्यात बसवला आहे. अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

हिमायतनगरच्या दिलीपरावांना मुलीचं, तन्वीचं, लग्न याच हॉलमध्ये करायचं होतं. त्यांच्या आईला पुण्यापर्यंतचा प्रवास झेपणारा नव्हता, चिक्कडपल्लीपर्यंतचा झेपणारा होता. पण नवऱ्यामुलाचे काका हिम्मतराव यांनी पुण्याहून बजावलं होतं, “मोबाईलवर कोणीही काहीही सांगतं. शनिवारी अकराला मंडळाच्या नंबरवर फोन करतो. संस्थेनं हॉल दिला म्हटलं तर लग्न तुमच्याकडे. नाहीतर पुण्यात.”

शनिवारी दिलीपराव साडेदहालाच अलीकडच्या खुर्चीत येऊन बसले.

“हॉल द्यायला माझी ना नाही,” प्रतापराव म्हणाले. “पण दुसरं कुलूप त्यांचं आहे ना.”

“मग त्यांना विचारा की, प्रतापराव. भिंतीपलीकडेच आहेत.”

“ठरावाचं काय?”

“फोनवर विचारा,” सुलभाताई म्हणाल्या. “स्टार आणि दोन दाबलं की पलीकडचा फोन वाजतो. बिलही येत नाही.”

“नक्को. स्टार दाबलं म्हणजे एकाच घरातला फोन झाला. आम्ही वेगळी संस्था आहोत.”

त्यांनी चष्मा लावला आणि मंडळाचा पूर्ण नंबर फिरवला. कॉल डब्यातून एक्सचेंजला गेला, तिथून त्याच लाईनवर परत आला आणि भिंतीपलीकडे वाजला. डब्यावरचे दोन्ही दिवे लागले.

“नमस्कार, मध्यवर्ती मंडळ,” अभिजीतचा आवाज आधी प्लायवूडमधून आला, मग रिसीव्हरमधून.

“मूळ मंडळातून बोलतोय. हॉल दिलीपरावांना द्यायचा आहे.”

“आमची हरकत नाही.”

दिलीपरावांनी सुस्कारा सोडला. तो लवकर सोडला.

“पत्रिकेत स्थळ म्हणून कोणाचं नाव?” अभिजीतनं विचारलं.

“मूळ मंडळाचं. कायकू म्हणजे हॉल आमच्या वडिलांनी बांधला.”

“नूतनीकरण कोणी केलं? अकारविल्हे लावा, सर. एक प्रोसेस असते.”

मूळ आणि मध्यवर्ती यांत अकारविल्हे आधी काय येतं, हे प्रतापरावांनी बोटांवर मोजून पाहिलं. मग त्यांनी स्थापनेचं साल काढलं. पलीकडून सभासदसंख्या आली. इकडून समयांची वाटणी निघाली.

अकरा वाजून गेले. दिलीपरावांच्या मोबाईलवर तन्वीचा मेसेज आला. ‘बाबा, काका म्हणतात नंबर एंगेज्ड आहे. चिडलेत.’

“प्रतापराव, दोन्ही लाईनी तुम्हीच अडवल्यात. पाया पडतो, ठेवा फोन.”

“आधी ठेवला तर हरलो असं होतंय. त्यांना सांगा.”

दिलीपराव धावत पलीकडे गेले. “पटवर्धनसाहेब, माझ्या मुलीचं लग्न आहे हो!”

“अगदी मान्य,” अभिजीत रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाला, “पण कॉल त्यांनी केलाय. त्यांनीच ठेवायला हवा.”

‘काका पुण्याचा हॉल बघायला निघतायत,’ तन्वीनं कळवलं.

दिलीपरावांनी भिंतीतल्या डब्याकडे पाहिलं, मग त्याच्या वायरीमागोमाग बटणापर्यंत गेले आणि बटण बंद केलं. दिवे विझले. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकदम शांतता झाली.

“ठेवला!” प्रतापराव ओरडले. “आधी त्यांनी ठेवला!” रिसीव्हर आपटून ते पॅसेजमध्ये आले. अभिजीत तिथे आधीच सुलभाताईंना सांगत होता, “नोंद घ्या, कॉल त्यांच्याकडून कट झाला.” दोघांनी एकमेकांकडे पाठ करून आपापला विजय जाहीर केला.

दिलीपरावांनी बटण चालू केलं. डबा लुकलुकत राहिला, मग दोन्ही फोन वाजले. सगळ्यात जवळ दिलीपरावच होते.

“मंडळ बोलतंय,” ते म्हणाले.

“कधीचा लावतोय!” हिम्मतराव कडाडले. “सारखं एंगेज्ड!”

“हॉलचीच बोलणी चालली होती,” दिलीपराव म्हणाले. हे खरंच होतं.

मग हिम्मतरावांचा आवाज खाली आला. “एवढी मागणी आहे? आमच्या इथल्या हॉलवाल्याने पहिल्याच रिंगला उचलला. तेव्हाच म्हटलं, धंदा नाही याला. आमच्या पोरांना मिळालाय ना पण?”

“मिळालाय.”

“मग सोडू नका.”

पत्रिका छापून आली. स्थळाखाली दोन्ही अध्यक्षांना मंजूर होईल असं एकच छापता आलं होतं, मंडळाचा फोन नंबर. पत्ता विचारायला पाहुणे आता त्यावर फोन करतात. लागत नाही. स्वागताला दारात कोणी उभं राहायचं, यावर दोन्ही अध्यक्षांचं बोलणं चालू आहे.