पुटपुटण्यापुरता आवाज

मालकांच्या वखारीतली करवत एवढ्या मोठ्यानं चालायची, की आसपासच्या चार गल्ल्यांतल्या कावळ्यांनी ओरडणं सोडून दिलं होतं. नुसती चोच उघडायचे आणि मिटायचे. कोपऱ्यावरचा शिंपी शपथेवर सांगतो, की त्याचं कुत्रं चोर आला तर भुंकत नसे, आत येऊन शिंप्याच्या तळपायाला नाक लावी. वखारीत कामाला लागलेला माणूस पहिल्या महिन्यात कानांवरचा भरवसा सोडायचा, दुसऱ्यात समोरच्याचे ओठ वाचायला शिकायचा आणि तिसऱ्यात घरी जाऊन बायकोशीसुद्धा आवाज न काढता भांडायचा.

ओठ वाचता येत नसे ते फक्त मालकांना. मुख्य करवतीवर ते स्वतः उभे राहत, आणि तिथं उभं राहणाऱ्यानं पात्यावरून नजर काढायची नसते. मालकांनी ती एकतीस वर्षांत काढली नव्हती. त्यामुळे दहाची दहा बोटं शाबूत होती, पण आजूबाजूची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे टक लावून का बघतात, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

घरी मालक फक्त ‘बरं’ म्हणत. मेव्हणा पंधरा दिवस राहायला येतोय, बरं. पडदे बदलायचेत, बरं. पोटात मग बरंच काही साचे. ते दुसऱ्या दिवशी ओंडका करवतीला लागला, की मालक पात्याकडे बघत मोकळं करत. करवत किंचाळायची, मालक पुटपुटायचे, भुसा उडायचा. समोर काचेच्या खोलीत मालकीणबाई बसून कुठला ओंडका कुणाचा याच्या खुणा लिहीत असायच्या. त्यांच्यापर्यंत आवाज पोचायची सोय नव्हती. जे काही उरायचं ते संध्याकाळी जीपमध्ये. जीप करवतीची धाकटी बहीण शोभावी अशी होती. शेजारी बायको बसलेली असतानाही मालक घरापर्यंत निर्धास्त पुटपुटत जात आणि फाटकाशी रिकामे होऊन उतरत. असा संसार एकदाही भांडण न होता चालला होता, आणि त्याचं सगळं श्रेय मालक मनातल्या मनात इंजिनाला देत.

एका सकाळी जीपनं मान टाकली.

परगावी असलेल्या लेकीनं फोनवरून हुकूम सोडला, की आयुष्यभर ओंडक्यावर बसल्यासारखे बसलात, आता चांगली उंच, ऐसपैस, गुबगुबीत गाडी घ्या. गाडीही तिनंच निवडली. ती पेट्रोलवर मिळत होती आणि विजेवरही. रंग तोच, खुर्च्या त्याच, मागचं दार बोट लावलं की उघडायचं तेही तसंच. कुठली घ्यायची ते बाबांनी ठरवावं. मालकीणबाई म्हणाल्या, मला दोन्ही सारख्याच, तुम्हीच ठरवा.

विजेची गाडी आवाज करत नाही, हे मालकांनी वखारीतल्या मिस्त्रीकडून ऐकलं आणि त्यांना रात्रीचं जेवण गेलं नाही. बोलायची अर्धी जागाच जायची वेळ आली होती. बरं, हे कारण कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. मग त्यांनी दुसरी कारणं जमवली. वाटेत वीज संपली तर? मालकीणबाई म्हणाल्या, वखार ते घर बारा किलोमीटर आहे. वीज भरायची कुठं? त्या म्हणाल्या, वखारीला तीन फेजची लाईन आहे, तिच्यावर गाडी काय, गल्ली उचलून नेता येईल. पाऊस पडला आणि शॉक बसला तर? यावर त्यांनी फक्त मालकांकडे बघितलं. मालक ‘बरं’ म्हणाले.

शोरूममध्ये एक टायवाला त्यांच्यासाठीच उभा होता. आधी पेट्रोलची चालवून बघू, असं मालक घाईनं म्हणाले. बटण दाबलं, काही ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा दाबलं. टायवाला म्हणाला, की चालू झाली होती, आता बंद केलीत. पेट्रोलच्या गाडीत एवढी शांतता दुसरं कुणी देत नाही, असंही त्यानं अभिमानानं सांगितलं.

“यात जरा मोठ्या आवाजाची येते का?” मालकांनी विचारलं.

टायवाल्यानं नोकरीत पुष्कळ प्रश्न ऐकले होते, पण हा पहिलाच. लोक याच शांततेचे जास्त पैसे मोजतात, असं तो हळूच म्हणाला. मालकांचा चेहरा उतरला. मात्र पुढं चढ लागला, मालकांनी पाय दाबला आणि गाडीच्या पोटातून छानपैकी गुरगुर निघाली. जीपच्या मानानं काहीच नव्हती, पण एका वाक्यापुरती होती. मालकांनी रस्त्यावर नजर ठेवून ते वाक्य उरकून घेतलं. चढ संपला तेव्हा ते प्रसन्न दिसत होते. घ्यायची तर हीच, असं त्यांनी जाहीर केलं. रोज थोडी वाट वाकडी करून चढावरून गेलं तर भागण्यासारखं होतं.

“दुसरी बघून घेऊ,” मालकीणबाई म्हणाल्या. “आलोच आहोत.”

मालक ‘बरं’ म्हणाले.

विजेची गाडी निघाली ती पाण्यावरून पान जावं तशी. मागं बसलेल्या टायवाल्यानं आवंढा गिळला तो पुढं ऐकू आला. मालकीणबाईंच्या बांगड्या वाजल्या, आणि त्या एवढ्या वाजतात हे मालकांना आजच कळलं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. घशाशी आलेलं थोपवता थोपवता कानशिलं तापली. तेवढ्यात शेजारून खडीचा ट्रक धडधडत आला, आणि मालकांना देव भेटल्यासारखं झालं. त्यांनी ट्रक धरला. ट्रक हळू झाला की हे हळू, ट्रक जोरात की हे जोरात. टायवाला सांगत होता, की यात वेग आपोआप राखायची सोय आहे, पण मालक त्या धडधडाटात मनसोक्त पुटपुटत होते, की गाडी वाईट नाही, खुर्ची तर मखमल आहे, पण—

चौकात ट्रक डावीकडे वळला.

“—मी बोलायचं कुठं?” असं उरलेलं वाक्य गाडीत लख्ख उमटलं.

मग समोरचा पडदा उजळला आणि गाडी गोड आवाजात म्हणाली, “माफ करा, समजलं नाही. पुन्हा सांगाल का?”

एकतीस वर्षांत मालकांच्या पुटपुटण्याला आलेलं हे पहिलं उत्तर. त्यांनी गाडी कडेला घेतली.

“तिला नाही समजलं,” मालकीणबाई म्हणाल्या. “मला समजलं. मघाशी चढावर म्हणालात, मेव्हणा पहिल्याच आठवड्यात ही गाडी मागायला येणार. तेही समजलं.”

मालकांनी स्टिअरिंग धरून ठेवलं. “ऐकू गेलं तुला?”

“ऐकू कशाला जायला हवं? वखारीत तुमच्या समोर बसते मी. ओठ दिसतात.”

“आणि जीपमध्ये?”

“तिथं अर्धंच तोंड दिसायचं. पण तुम्ही प्रत्येक गोष्ट दोनदा म्हणता.”

टायवाला मागं ताठ बसून टाय सरळ करत होता. मालकांनी आयुष्यभराचं बोलणं भराभर आठवून पाहिलं, आणि त्यातलं बरंचसं आठवायला नको होतं. म्हणजे पडद्यांचं कळलं होतं. खारट भाजीचं कळलं होतं. सासरेबुवांच्या घोरण्याबद्दल त्यांनी सलग तीन ओंडके घालवले होते, तेही.

“माझं ऑपरेशन झालं तेव्हा मी समोर नव्हते,” मालकीणबाई पुढं म्हणाल्या. “तेव्हाचं मिस्त्रीनं वाचून ठेवलं आणि घरी आल्यावर मला सांगितलं. ही परत आली नाही तर मी कुणाबद्दल बोलू, असं दिवसभर म्हणत होतात म्हणे. दुसरं काहीच नाही.”

मालक समोरच्या काचेतून बघत राहिले. समोर काहीही नव्हतं.

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“बोलत होते की. तिथंच, काचेआड. तुमच्या प्रत्येक वाक्याला जागच्या जागी उत्तर दिलंय. तुमची नजर पात्यावर. म्हणून म्हटलं, मला दोन्ही सारख्याच. मला ओठ दिसले की झालं. पेट्रोलची घ्यायची तर खुशाल घ्या.”

मालकांनी बराच वेळ विचार केला. एवढा वेळ, की गाडीनं पुन्हा एकदा मदत हवी का म्हणून विचारलं. ते बोललेलं आजवर सगळे वाचत आले होते. ऐकायचं राहिलेले ते एकटेच होते.

“हीच द्या,” ते टायवाल्याला म्हणाले. “बिनआवाजाची.”

गाडी घरी न्यायच्या दिवशी टायवाल्यानं सांगितलं, की एकदा वीज भरली की साडेचारशे किलोमीटर बघायला नको. हे मात्र अक्षरशः खरं निघालं. शोरूमच्या दारातून बाहेर पडताच मालकीणबाईंनी लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून सुरुवात केली. कुठलंही उत्तर त्या विसरल्या नव्हत्या. मालक अधूनमधून ‘बरं’ म्हणत होते, दोनदा तर ‘चुकलंच’ म्हणाले. गाडी स्वतःच्या घरावरून तीनदा गेली. शेजाऱ्यांना वाटलं, मालकांना वळवता येत नसावी. दुसऱ्या दिवशी गाडीत चार टक्के वीज उरली तेव्हा मालकांनी ती कशीबशी वखारीत घातली, आणि तोवर मालकीणबाईंचं दुसरं वर्ष लागलेलं नव्हतं.

मालकांनी घाईघाईनं वायर जोडली. गाडी आणि करवत एकदम चालवली तर लाईन दम टाकील, असं मिस्त्री म्हणाला. मालकांनी भर दुपारी, मिस्त्रीनं लावलेला ओंडका अर्धा कापायचा राहिलेला असताना, करवत बंद केली.

चार गल्ल्या गप्प झाल्या. माणसं काय झालं म्हणून दारात आली. वखारीच्या पत्र्यावरच्या कावळ्यानं सवयीनं चोच उघडली, आवाज निघाला, आणि तो स्वतःच दचकून उडाला.

काचेआडून मालकीणबाई काहीतरी म्हणाल्या. पात्याकडे बघायचं काम नव्हतं, त्यामुळे मालकांनी पहिल्यांदाच त्यांच्या ओठांकडे नीट पाहिलं. खूप पाहिलं, काही उमगलं नाही.

“काय म्हणाल्या रे?” त्यांनी मिस्त्रीला विचारलं.

“किती टक्के झाली, विचारतायत.”

मालक वाकून बघून आले. मग काचेसमोर उभे राहिले आणि आवाज न काढता, ओठ मोठे मोठे करून म्हणाले, “सात.”