दाराजवळची खुर्ची

मायाने चौथीपासून निम्मं घरी आणि निम्मं शाळेत शिकायचं असं ठरलं, तेव्हा घरात एकट्या बुधाजींनी विरोध केला. एरवी ते कशालाच विरोध करत नसत. परळच्या एका वाचनालयात जन्म गेलेला माणूस, आवाज चढवायची सवयच नव्हती. पण त्या दिवशी ताटावरून हात मागे घेऊन ते मुलाला म्हणाले, "हर्षवर्धन, माझ्या बापाला मास्तरांनी वर्गात घेतलं नाही. दाराबाहेर गोणपाटावर बसून शिकला तो. तिथून आत शिरायला आपल्या माणसांना किती वर्षं लागली! आणि तू पोरीला हाताला धरून बाहेर काढतोस?"

"आप्पा, काय पण! ते वेगळं, हे वेगळं. वर्गात साठ पोरं. नुसतं फळ्यावरचं उतरवून घेतात. घरी तुमच्यासारखा वाचलेला माणूस असताना कशाला?"

"आणि मंगळवार-शुक्रवार जाणारच आहे की ती," सुनेने, प्रितीने, भात वाढता वाढता सांगितलं. "हेडबाई ओळखीच्या आहेत, हो म्हणाल्यात."

वाचलेला माणूस, असं त्यांना घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं. बुधाजींनी पुन्हा ताटाला हात लावला.

काळाचौकीची त्यांची चाळ पाडून टॉवर झाला, त्याच वर्षी त्यांच्या पत्नी सुंदराबाई गेल्या. तेव्हापासून नव्या घरात बुधाजी खिडकीशी बसून असायचे. आता मात्र ते सकाळी दाढी करू लागले. इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसत. समोर माया. शिकवता शिकवता ते भलतीकडेच जात. अपूर्णांकातून गिरणीच्या भोंग्यावर, नदीच्या धड्यातून वरळीच्या होड्यांवर. माया हसायची. "आप्पा, धडा राहिला ना रे!" मंगळवारी आणि शुक्रवारी ती दादरच्या शाळेत गेली की घर खायला उठे. त्या दिवशी ते दाढी करत नसत.

फेब्रुवारीत त्यांनी तिला आपल्या बापाची गोष्ट सांगितली. गोणपाट, पाऊस आला की भिजणारी पाटी, आतून ऐकू येणारे पाढे. माया पेन्सिलीचं टोक चावत ऐकत होती.

"मी पण दाराशीच बसते," ती म्हणाली.

"म्हणजे गं?"

"माझ्या बाकावर आता रुपाली बसते. मी गेले की बाई ऑफिसातून खुर्ची मागवतात. ती आत मावत नाही, म्हणून दारात. पोरं ओरडतात, पाहुणी आली, पोहे करा रे!"

बुधाजींच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं.

"बाई रागावत नाहीत त्यांना?"

"त्या पण हसतात." मग तिने त्यांचा शर्ट धरला. "आप्पा, मला रोज जायचंय. बाबा तुझं ऐकतात. तू सांग ना."

"सांगतो," बुधाजी म्हणाले.

ती वेळ लवकरच आली. असं अर्धवट चालणार नाही, जूनपासून रोज पाठवा नाहीतर नाव काढा, असं हेडबाईंनी कळवलं. त्या संध्याकाळी सगळे टेबलाशी बसले. माया हातपाय धुऊन बुधाजींच्या शेजारी येऊन बसली होती.

"नावच काढू," हर्षवर्धन म्हणाला. "परीक्षा बाहेरून देता येते. पण आप्पा, पहिल्यापासून तुमचा विरोध होता. तुम्ही रोज पाठवा म्हणालात, तर रोज पाठवू. बोला."

बुधाजींनी तोंड उघडलं. गोणपाट, दारातली खुर्ची, सगळं ओठांवर होतं. तेवढ्यात त्यांना सोमवारची सकाळ दिसली, मग बुधवारची. कोरं टेबल, खिडकी, आणि दाढी न केलेले आपण.

"अजून थोडी कच्ची आहे ती," ते म्हणाले. "गणितात. एक वर्ष घरीच राहू दे."

"आप्पा," माया म्हणाली. तेवढंच.

"बघ, आजोबाच म्हणतायत," प्रिती तिच्या पाठीवर हात ठेवत म्हणाली. "लाडोबा आहेस तू त्यांची."

जूनमध्ये पोरं नवी दप्तरं घेऊन टॉवरखाली शाळेच्या बसची वाट बघत होती, तेव्हा बुधाजी दाढी करून, शर्ट घालून टेबलाशी येऊन बसले. तो मंगळवार होता. आता मंगळवारही त्यांचाच होता.

माया आली. तिने आपली खुर्ची उचलली, फरफटत नेऊन घराच्या दाराला टेकवली आणि वही मांडीवर घेऊन बसली.

"अगं, इतक्या लांब कशाला? इकडे ये."

"इथून ऐकू येतं," माया म्हणाली. "शिकवा तुम्ही."

'तुम्ही' ती त्यांना कधी म्हणत नसे. बुधाजींनी पुस्तक उघडलं आणि तिथपर्यंत पोचेल एवढा आवाज काढायचा प्रयत्न केला.