इरकलीत गुंडाळलेला उजेड

मित्रांनो, माझ्यावर झाड नाही, नदी नाही, देवही नाही. मी एक जुने तैलचित्र आहे, नुसत्या निळ्या-तांबूस रंगांचे. लातूरला डाळ मिलजवळ राहणाऱ्या मन्मथअप्पा या चित्रकला शिक्षकांनी मला घडवले.

अप्पांना घाई कशी ती ठाऊकच नव्हती. जवसाच्या तेलात रंग कालवायचा, पातळ थर द्यायचा, तो वाळेपर्यंत थांबायचे, मग दुसरा. असे एकवीस थर झाले आणि माझ्या मध्यभागी खोलवर उजेड दिसू लागला. पाहुणे मान वाकडी करून विचारायचे, "हे काय हाय सर?" एकाने तर मला उलटेच धरले. मला फार राग यायचा. अप्पांची पत्नी गुरम्मा मात्र एवढेच म्हणाली, "लई आतपर्यंत जातंय हे." त्या दिवशी मी धन्य झाले.

गुरम्माचा माझ्यावर भारी जीव. मिलची धूळ बसू नये म्हणून तिने मला आपल्या इरकल लुगड्यात गुंडाळून कपाटामागे ठेवले. सणासुदीला काढू, म्हणाली. बघता बघता नऊ वर्षे गेली.

मग अप्पांना काचबिंदू निघाला, तोही उशिरा कळला. उरलेली नजर फार टिकणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. घरी येताच अप्पा म्हणाले, "एकदा ते चित्र बघू दे."

लुगडे सोडले तर मी सगळे पिवळट पडलेले. आतला उजेड कुठेच नव्हता. गुरम्माने लुगडे बाजूला टाकले.

"म्याच नासवलं हे."

अप्पांनी माझ्यावरून बोटे फिरवली. "नासलं न्हाई. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतंय. उजेडात ठिवलं की उतरतंय."

"किती दिवस लागतेत?"

"महिना, दोन महिने."

तोवर अप्पांची नजर टिकायला हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून गुरम्मा लिंगपूजा आटोपली की मला खिडकीशी ठेवायची. थेट ऊन आले की मागे सरकवायची. माझा उजेड वेळेत परतला नाही तर? मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

सातव्या आठवड्यात अप्पा माझ्यापुढे बसले. चेहरा अगदी जवळ आणून त्यांनी मला न्याहाळले. मग म्हणाले, "दिसलं." त्यांनी गुरम्माला हाताला धरून शेजारी बसवले. "आता तू बघ, आन् कुठं काय दिसतंय ते सांग. पुढं मला तुझ्याच डोळ्यांनी बघायचं हाय."

मित्रांनो, आवडती वस्तू जपायची म्हणून अंधारात दडवू नका. ज्यांना ती पाहायची आहे, त्यांच्यासमोर ठेवा.

अप्पांना आता दिसत नाही. रोज सकाळी गुरम्मा माझ्यासमोर बसून त्यांना एकेक रंग सांगते. एखादा चुकला, तर अप्पा हळूच दुरुस्त करतात.