तेलोनचा वास

"हात दाखव बघू." आमचे कारखान्याचे सुगेंगसाहेब माझ्या तळव्यांवर वाकले आणि त्यांनी नाक आक्रसलं. "तेलोन! तिउर्मा, हा वास घेऊन कॉफी चाखायला बसणार तू?"

दिवेलागणीला पोटाला ते बडीशेपेच्या वासाचं तेल चोळलं नाही तर माझा पोल्टाक वाऱ्याने फुगतो. रोज माझी आई चोळते. आज तिला ताप होता, म्हणून लेकाला झोळीत घालून मी परीक्षेलाच घेऊन आले होते. हात साबणाने धुतले होते. पण तेलोन साबणाला भीक घालत नाही.

लाम्पुंगमधल्या आमच्या कॉफीच्या कारखान्यात मुख्य चवपारखीची जागा रिकामी झाली होती. उमेदवार दोघीच, मी आणि एल्मिदाताई. ताईंचे रोजे चालू, दिवसा त्या घोटही तोंडात घेणार नव्हत्या. म्हणून परीक्षा सूर्यास्तानंतर ठेवलेली. मी चर्चला जाणारी, मला सकाळ सोयीची होती. पण मी हूं की चूं केलं नव्हतं.

"हाताला वास असेल तर चाखायला बसायचं नाही, नियम सगळ्यांना सारखा," साहेब म्हणाले. "आणि खरं सांगू? मूल लहान असताना या खुर्चीच्या मागे लागूच नये."

अशी जागा पुन्हा कधी निघणार होती?

ताईंनी नुकताच पाणी आणि खजुरावर रोजा सोडला होता. चव बिघडेल म्हणून कॅन्टीनमधलं नारळाच्या दुधातलं गोड कोलाक त्यांनी शिवलंही नव्हतं. त्या उठल्या. "आण गं त्या लबाडाला इकडे." पोल्टाकला घेऊन त्यांनी त्याच्या पोटावरून दोन्ही तळवे फिरवले.

"अहो ताई, वास लागेल!"

"लागू दे की." तळवे थेट साहेबांच्या नाकाखाली गेले. "घ्या, माझंही नाव कापा."

"हा काय पोरखेळ, एल्मिदा?"

"माझ्या रोज्यासाठी दिवस मावळेपर्यंत थांबलात ना साहेब? मग तिच्या बाळासाठी हात धुण्यापुरतं थांबा. आणि तोवर धरा याला."

साहेब नको-नको म्हणेस्तोवर पोल्टाक त्यांच्या कडेवर होता.

मोरीवर आम्ही कॉफीचा ओला गाळ घेऊन कोपरापर्यंत हात घासले. वास गेला. मग ताई साहेबांच्या तेल लागलेल्या सदऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आता तुम्हालाच आत यायची बंदी हो!"

साहेबांनी काचेबाहेरून परीक्षा घेतली, बाळाला झुलवत. तीन-तीन पेल्यांतला वेगळा पेला ओळखायचा होता. एकदा पोल्टाक रडल्यासारखा वाटला, मी मान वळवली, आणि तो पेला चुकले. ताईंचा एकही चुकला नाही.

खुर्ची ताईंना मिळाली. न्यायाने मिळाली. तरी त्या रात्री घरी मी जरा रडलेच.

ईदनंतर आईला पुन्हा ताप आला. पोल्टाकला घेऊन मी घाबरतच कामावर पोचले, तर चाखायच्या खोलीबाहेर, काचेतून दिसेल अशा जागी, छताला एक नवा आकडा ठोकलेला.

"झोळी बांध आणि हात घास," ताई आतून म्हणाल्या. "पाणी उकळलंय."

मी झोळीची गाठ ओढून पाहिली. पक्की होती.