मागचं बोट

चौसाळ्याच्या मोहिनीला आपल्या नजरेचा मोठा गर्व होता, आणि असल्या गर्वावर कुणीतरी बोट ठेवतंच.

माळावरच्या पाखरांचं पुस्तक निघणार होतं. कॉलेजातल्या विजयसिंह सरांनी तिला नमुन्यादाखल धाविक पक्ष्याचं चित्र मागितलं होतं. ते पटलं तर चाळीसही पक्षी तिचे. चित्र देखणं नसलं तरी चालेल पण खोटं नको, असं त्यांनी बजावलं होतं. तीन आठवडे खपून तिने पीस न् पीस रंगवलं. पाय तेवढे फोटोत गवताआड गेलेले. ते तिने अंगणातल्या कोंबडीवरून काढले: तीन बोटं पुढे, एक मागे.

चित्र दुपारी द्यायचं होतं. मातीचा रंग शेवटचा जुळवायला ती सकाळी माळावर बसली, तेव्हा मेंढ्या घेऊन केसरबाई आली आणि कागदावर वाकली.

"पाखरू झ्याक हाय. पन मागचं बोट कावून काढलंस?"

सगळ्या पाखरांना असतं, मोहिनीने जरा ठसक्यातच सांगितलं. केसरबाई वाद घालत बसली नाही. हाताला धरून तिने मोहिनीला मऊ धुळीपाशी नेलं. ताजे ठसे होते. पुढे तीन बोटं, मागे काहीच नाही.

"मागचं बोट फांदी धरायला लागतंय. हे तर जलमभर पळतंय."

ठशांवरून अंडी हुडकायची आणि मेंढ्या तिकडून वळवायच्या, हे ती तीस वर्षं करत आली होती.

मोहिनी कागदापाशी परतली. अर्ध्या ब्लेडने कागद हलकेच खरवडून तिने ते बोट काढून टाकलं, आणि कागद फडफडू नये म्हणून केसरबाई पदर आडवा धरून उभी राहिली. या बाईने आपली लाज राखली, तीही न हिणवता. मोहिनीचे डोळे भरून आले. चित्राच्या कोपऱ्यात नाव घालायची रीत असते. तिने लिहिलं आणि केसरबाईला वाचून दाखवलं, "चित्र: मोहिनी. पाय: केसरबाई."

"माझे पाय?" आपल्या भेगाळल्या टाचांकडे बघत केसरबाई हसली. "ह्ये कुनी बघायचे?"

मोहिनी वाकून त्याच पायांना शिवली.

दुपारी सरांनी चित्र घेतलं आणि भिंगाने सगळ्यात आधी पायच पाहिले. मग कोपऱ्यातली ओळ दोनदा वाचली.

"उरलेल्या एकोणचाळीस पक्ष्यांचे पायसुद्धा," ते म्हणाले, "आधी यांना दाखवून आण."